सीब्रनने पाडलेली वाट

चौकात वाट कशी पडते हे पालिकेला शिकवावं तर सीब्रन दाइकमानेच, असं हॉलंडातल्या ग्रोनिंगन शहरात एका माणसाचं ठाम मत होतं. तो माणूस म्हणजे सीब्रन दाइकमा.

हयातभर त्याने मॉसेलप्लेन चौकाच्या कोपऱ्यावर बसून लोकांचे जोडे शिवले. कोण ऐटीत चालतो, कोण पाय ओढतो, हे तो तळव्याच्या झिजेवरून सांगे. एकदा तर म्हणे त्याने एका धर्मगुरूचा बूट पालथा करून विचारलं होतं, "महाराज, नाचायला कुठे जाता?" धर्मगुरूंनी तो बूट परत न्यायला माणूस पाठवला, स्वतः आले नाहीत.

त्या काळी कालव्याच्या पुलावरून बाजाराकडे जाणारी सगळी माणसं सीब्रनच्या दारावरून जात. जोडा दुरुस्तीला दिला की गिऱ्हाईक एका पायावर बगळ्यासारखं उभं राही, आणि सीब्रनची बायको मार्खिन कॉफीचा कप पुढे करून त्याच्या घरातल्या सगळ्या भानगडी काढून घेई. कधीकधी असे पाच-सहा बगळे रांगेत उभे असत. जोडा शिवून व्हायचा, पण बगळा हलायचा नाही.

मग चौकात मोटारी आल्या. सीब्रनच्या खिडकीसमोर पत्र्याची भिंतच उभी राहिली. लोक पलीकडून जायला लागले. दुकान बंद झालं. मार्खिन गेली. आणि सीब्रन खिडकीत बसून एका निळ्या मोटारीच्या मागच्या काचेकडे बघायला लागला. ती मोटार विकली गेली तेव्हा त्याला चक्क चुकल्यासारखं झालं.

म्हणून पालिकेने मोटारी हटवायचं ठरवलं, त्या दिवशी तो दाढी करून सभेला गेला. चर्चच्या सभागृहात सगळ्यांना एकेक कॉफी आणि एकेक बिस्किट मिळालं. पालिकेची हिलके नावाची तरुण मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "आम्ही एकही वीट आधी बसवणार नाही. चौकात नुसतं गवत पेरणार. तुम्ही चाला. जिथे गवत मरेल तिथे आम्ही रस्ता करू."

आमच्याकडे अशा वाटेला हत्तीवाट म्हणतात. हत्ती कोणी पाहिलेला नसतो, पण वाट बघून लोक माना डोलावतात.

सीब्रनने घरी येऊन हिशेब मांडला, आणि त्याचा चेहरा उतरला. पुलावरून उतरलेला शहाणा माणूस सरळ पलीकडच्या बेकरीकडे जाणार. त्याच्या कोपऱ्याकडे वळायला त्याला कारणच नव्हतं. म्हणजे मोटारी गेल्या तरी माणसं यायची नव्हती ती नव्हतीच.

"मी पाडतो वाट," त्याने जुना मित्र वुब्बोला सांगितलं. "पूल ते माझं दार, आणि दारावरून बाजार. एकदा तिथे विटा बसल्या की बघ, लोक पायाखाली बघून चालतात. जिकडे वीट तिकडे माणूस."

"एकटा पाडणार? तू काय गाईंचा कळप आहेस?"

"गाईंना बूट नसतात. माझ्याकडे लाकडी जोडे आहेत."

दुसऱ्या दिवसापासून सीब्रन बागेतले लाकडी जोडे घालून चालायला लागला. पुलापासून दारापर्यंत, दारावरून बाजारापर्यंत. बाजाराशी पोचला की वळायचं, पुन्हा दारावरून पूल. पाऊस असो, वारा असो. वाऱ्याच्या दिवशी तर तो जास्तच खूश असे, कारण वाऱ्याविरुद्ध पाय जोरात रुततात.

समोरच्या घरातल्या आफ्केबाई हे सगळं पडद्याआडून बघत होत्या. खरं तर आमच्या गल्लीत पडदे कोणी लावत नाही, पण आफ्केबाईंनी खास बघण्यासाठी लावले होते. त्यांनी वुब्बोला थांबवलं.

"सीब्रन स्वतःच्या दारापर्यंत येतो, दाराकडे बघतो आणि तसाच पुढे जातो. वुब्बो, त्याला घर आठवत नाही रे."

वुब्बोला खरं कारण माहीत होतं. पण सीब्रनने शप्पथ घातली होती, शिवाय अशी मजा काही रोज मिळत नाही. तो गंभीरपणे म्हणाला, "वय झालंय."

संध्याकाळपर्यंत सगळ्या चौकाला कळलं. आमची माणसं तोंडावर काही बोलत नाहीत, पण कामाला लागतात. दुसऱ्या दिवशी सीब्रन पुलावर पोचतो तर आफ्केबाई तिथे योगायोगाने उभ्या. दुपारी बेकरीवाला योगायोगाने कुत्रं घेऊन आला. मग दोन बहिणी, मग चर्चमधला गाण्याचा अख्खा जथा. जो तो योगायोगाने सीब्रनच्याच दाराकडे निघालेला.

"हे बघा सीब्रनदादा, हे हिरवं दार. तुमचं," आफ्केबाई लहान मुलाशी बोलावं तशा बोलत.

"माहीत आहे मला."

"माहीत असणारच. किती छान!"

सीब्रनला आधी राग आला. मग त्याने मागे वळून पाहिलं, तर त्याच्या दाराशी माणसं उभी होती, हवेबद्दल बोलत होती, आणि कोणीतरी मटारच्या सुपाचं पातेलं आणलं होतं. मार्खिन गेल्यापासून त्या पायरीवर इतके पाय पडले नव्हते. त्याने राग गिळला आणि सूप प्यायला. दुसऱ्या दिवशी आफ्केबाईंनी दार दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "हिरवं? नक्की का?" त्या दिवशी सुपाबरोबर सॉसेजही आलं.

उन्हाळा संपेपर्यंत ती वाट अशी रुंद आणि टणक झाली, की बैलगाडी जावी. बेकरीकडच्या सरळ रेषेवर मात्र गवत माजलं होतं, कारण बेकरीवाला स्वतःच इकडून जात होता. आणि इतकी सपाट वाट दिसल्यावर विद्यार्थ्यांनी तिच्यावर सायकली घातल्या. स्टेशन तिकडूनच जवळ पडतं असा शोध त्यांना लागला. खरं तर तिकडून लांब पडतं. पण वाट इतकी मळलेली आहे म्हणजे जवळचीच असणार, असं त्या शहाण्यांना वाटलं.

हिलके मोजमाप घ्यायला आली तेव्हा तिचे डोळे भरून आले. "लोकांची इतकी स्पष्ट इच्छा मी कुठे पाहिली नाही."

सीब्रनची छाती फुगली. "मग विटा कधी?"

"विटा नाहीत आजोबा. इतक्या वर्दळीला डांबर लागणार. लाल."

लाल डांबर म्हणजे काय, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही कळतं. लाल डांबर सायकलचं. तिथे चालणाऱ्या माणसाला घंटीचा मान.

"अहो, ती वाट माझी आहे," सीब्रन कळवळून म्हणाला. "मी एकट्याने पाडली. मुद्दाम. मला घर पाठ आहे, दार हिरवं आहे, बिजागरी तेल मागतेय. हे लोक उगीच माझ्यामागे येत होते."

हिलकेने त्याचा हात हातात घेतला. "आफ्केबाईंनी मला सगळं सांगितलंय, आजोबा. तुम्ही खूप धीराचे आहात."

त्याने आशेने शेजारी उभ्या वुब्बोकडे पाहिलं. वुब्बो म्हणाला, "मी सांगतो ना, हा खरं बोलतोय." पण हसू आवरता न आल्याने ते तो रुमालात सांगत होता, आणि हिलकेला वाटलं की म्हातारा मित्रासाठी रडतोय.

डांबर पडलं. पहिल्याच आठवड्यात शेजाऱ्यांनी सीब्रनला बजावलं की बाहेर फिरू नकोस, सायकली फार येतात. सूप बंद झालं, कुत्रं बंद झालं, गाण्याचा जथा बेकरीकडून जायला लागला. सीब्रनच्या दारावरून आता सगळं शहर जात होतं, पण असं जात होतं, की तो "मॉई", म्हणजे आमचा रामराम, म्हणेपर्यंत सायकल पुलावर आणि तो शब्द हवेत. खिडकीत बसून त्याला त्या निळ्या मोटारीचीसुद्धा आठवण यायला लागली. ती निदान उभी तरी राहायची.

एका सकाळी तो दारालगतच्या गुलखैऱ्याला पाणी घालायला बाहेर आला. झारी भरलेली, लक्ष झाडाकडे, आणि एक पाऊल पडलं लाल डांबरावर. ब्रेक किंचाळला. जांभळ्या कोटातल्या एक बाई सायकलसकट गुलखैऱ्यात शिरल्या.

त्यांना लागलं नव्हतं, हे त्यांच्या आवाजावरून लगेच कळलं.

"डोळे आहेत का खिशात ठेवलेत? हा चालायचा रस्ता आहे? तुमच्या बापाचा आहे?"

"बापाचा नाही," सीब्रन म्हणाला. "माझा आहे."

मग बाईंनी जे सुरू केलं ते काय सांगावं! सायकल भिंतीला टेकवून त्यांनी सीब्रनला झाडला, म्हाताऱ्यांना झाडलं, पालिकेला झाडलं, आणि वळणं कोणत्या गाढवाने काढली असं विचारून ते गाढवही झाडलं. मग ओघात स्वतःच्या सुनेवर आल्या, सुनेवरून गुडघ्यावर, आणि गुडघा दुखतो म्हणून पायरीवर बसल्या. सीब्रन झारी हातात धरून उभा. मान हलवत होता. कधी नव्हे ते त्याच्या गालाला रंग चढला होता.

शेवटी बाईंचा दम संपला. त्यांनी कोटावरच्या पाकळ्या झटकल्या, सायकल रस्त्यावर घेतली आणि एक शेवटची जळजळीत नजर टाकून सीटवर बसल्या.

"अहो," सीब्रनने घाईघाईने विचारलं, "उद्या साधारण किती वाजता जाणार तुम्ही?"