वरचा थर

आमच्या मांडवीत मासा विकत घेताना सगळेच कल्ले उघडून बघतात. आमचे भाऊकाका शेजाऱ्याने फुकट दिलेल्या माशाचेही कल्ले बघतात. तो शेजारी म्हणजे मी.

"ताजा आहे म्हणतोस, मग देतोस कशाला? गोम आहे मेल्या!"

गोम त्यांना सगळीकडे दिसते. कोर्टात बेलीफ होते, दारोदार समन्स पोचवायचे. आतून माणूस स्वतःच ओरडतो, 'मी घरात नाही', हे ऐकण्यात सगळी नोकरी सरली. रोज सकाळी आमच्या दोन घरांमधल्या दगडी गडग्यापलीकडून माझीही तपासणी होते.

"बरा आहेस?"

"हो."

"नक्की?"

जणू पहाटे मीच त्यांचे नारळ पाडलेत!

परवा त्यांच्या छातीत कळ आली. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी कार्डिओग्राम काढला, रक्त घेतलं. "ट्रोपोनिन बघते. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ते रक्तात वाढतं."

रिपोर्ट नॉर्मल! मी लगेच आळीच्या ग्रुपवर 'काका ठणठणीत' टाकलं, पेढे आणले आणि त्यांच्या चपला खाटेशी सरळ करून ठेवल्या.

"थांबा," बाई म्हणाल्या. "काही तासांनी पुन्हा रक्त घ्यायचंय."

"गोम आहे, बिल वाढवतायत," मी काकांच्या कानात कुजबुजलो. संगतीचा परिणाम. वाटलं, खूश होतील.

काका उसळले. "पेटीचा वरचा थर बघून आंबे घेतोस होय रे? वरचा थर चांगलाच असतो! बाई, तुम्ही खालचा बघा."

बाई हसल्या. "तसंच आहे ते. ट्रोपोनिन वाढायला वेळ लागतो."

दुसऱ्या रिपोर्टात ते वाढलेलं निघालं. एकदम धावपळ उडाली. मी पेढ्यांचा पुडा पाठीमागे धरून भिंतीला चिकटलो.

उपचार झाले, कळ थांबली. संध्याकाळी मी खाटेशी बसलो होतो.

"काका, तुमच्या संशयानं वाचवलं बघा तुम्हाला."

ते छताकडे बघत राहिले. "जन्मात एकाच माणसाचं बोलणं तपासलं नाही मी. तुझ्या काकूचं. छाती चोळत म्हणाली, 'काही नाही हो, गॅस आहे.' मी बरं म्हटलं, आणि पेपर वाचत बसलो."

मग त्यांनी माझ्याकडे मान वळवली.

"तू बरा आहेस ना?"

"हो, काका."

"नक्की?"

पहिल्यांदाच मी छातीवर हात ठेवला, जरा थांबलो, आणि मगच म्हणालो, "नक्की."