बार्बाडोसची बकरी

महिपतने ठरवलं होतं ते एवढंच, की पाच मिनिटं जाऊन ती बकरी बघून यायची.

बकरी आंबेनळी घाटावरच्या त्याच्या वाडीतली असती, तर सांगण्यासारखं काही नव्हतं. पण ही होती बार्बाडोस बेटावरची. त्याचा मुलगा जितेश प्रवासी जहाजावर स्वयंपाकी. दोन वर्षं गावाला आला नव्हता, म्हणून त्याने आईबापांनाच जहाजावर बोलावून घेतलं. पण जहाजावर जितेशचं दर्शन म्हणजे जिन्यात ओझरता दिसणारा पांढरा टोप. त्याला सुट्टी मिळाली ती या बेटावर, चार तासांची. तिघांनी समुद्रात पाय भिजवायचे, ओळखीच्या टपरीत मासे खायचे आणि पोटभर बोलायचं, असं त्याने आखून ठेवलं होतं.

टपरीत बसल्या बसल्या महिपतला शेजारच्या अंगणात ती दिसली. डावी कूस नगाऱ्यासारखी फुगलेली. (बकरीचं दुखणं लांबून ओळखण्यात अख्ख्या पोलादपुरात आपल्यासारखा कोणी नाही, असं त्याचं स्वतःचं मत होतं.)

"अवो, पोराशी दोन शब्द बोला की," ठकूबाई म्हणाली.

"पोरगं बरं हाय. बकरी मरंल ती," म्हणून तो उठला.

अंगणातल्या म्हातारीला मराठी येत नव्हतं आणि महिपतला दुसरं काही. त्याने पोट फुगल्याची खूण केली. याला भूक लागली असं समजून तिने पाव दिला. त्याने बाटली ओतल्याची खूण केली. तिने रम आणली. (ती आपण घेतली नाही, असं तो सांगतो.) तिसऱ्या खेपेला तेल आलं. मग तेल पाजणं, पुढचे पाय दगडावर ठेवून कूस चोळणं, फिरवणं, पुन्हा चोळणं. जितेश दोनदा कुंपणाशी येऊन उभा राहिला. दोन्ही वेळा महिपत मान वर न करता "आलोच रे" म्हणाला. अखेर पोटातला वारा सरला, जनावर रवंथ करू लागलं. म्हातारीने त्याचे दोन्ही हात धरले.

तो छाती फुगवून परतला, तर टेबलाशी ठकूबाई एकटीच.

"ड्युटी लागली त्याची," ती म्हणाली. "माशाचं काटं काढून ठेवल्यात त्यानं तुमच्यासाठी."

ताटलीतला मासा गार झाला होता. पोराच्या मनगटावर भाजल्याचा डाग होता, सकाळीच दिसला होता. त्याचं विचारायचं राहून गेलं. जनावराची कूस मात्र त्याने तीन तास चोळली.

वाडीत परतल्यावर महिनाभराने जितेशचा फोन आला. महिपतने आधी मनगटाचं विचारलं. डाग जुना होता, म्हणे. मग त्या दिवसाचं काही बोलावं म्हणून महिपत शब्द शोधू लागला.

"राहू द्या, बाबा. म्हातारी भेटली परवा. जनावर ठणठणीत हाय. नाव काढते तुमचं."

महिपतच्या जिवाला जरा बरं वाटलं. "बकरी जातिवंत होती रे," तो म्हणाला.



"बाबा, मेंढी होती ती. तिकडच्या मेंढ्यांना लोकर नसते."