प्रेमानंद ड्रायव्हर बदलतो

सरिताची मुलाखत दुपारी बारा वाजता होती, आणि प्रेमानंदनं सकाळच्या चहाबरोबर ठरवून टाकलं की घरच्या कॉम्प्युटरच्या नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर आजच बदलायचा. इंटरनेट बंद नव्हतं. झकास चालू होतं. पण चालू असलेल्या वस्तूवर प्रेमानंदचा विश्वासच बसत नाही. (मागं त्यानं चांगला फिरणारा पंखा तेल घालायला म्हणून खाली उतरवला, आणि उन्हाळाभर घरातली माणसं पेपरनं वारा घेत बसली.)

तसा तो पाटबंधारे खात्यात क्लार्क. ऑफिसात कुणाचा प्रिंटर अडला की हाक त्यालाच येते, आणि प्रिंटर कधीकधी सुटतोसुद्धा. त्यामुळे कॉम्प्युटरच्या बाबतीत अख्ख्या वसमतमध्ये आपल्याला तोड नाही, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

सरिता बी.एस्सी. बी.एड. लग्नाआधी ती शाळेत शिकवायची. मग प्रेमानंदची बदली झाली, सासूबाईंचं आजारपण निघालं, आणि नोकरी सुटली ती सुटलीच. आता पुण्याच्या एका कंपनीला घरबसल्या मुलांना विज्ञान शिकवणारी बाई हवी होती. मुलाखत कॉम्प्युटरवरूनच द्यायची, वेळ चुकली तर पुन्हा संधी नाही, असं त्यांनी बजावलं होतं. सरिताला ही नोकरी मनापासून हवी होती. गेला आठवडाभर ती फोडणी देता देता कढईला ध्वनिलहरी समजावून सांगत होती.

"आजच काहून? चालू हाय की नेट," ती म्हणाली.

"ड्रायव्हर म्हणजे काय, ते कार्ड आणि कॉम्प्युटर यांच्यातला दुभाषा," प्रेमानंदनं खुर्ची पुढं ओढली. "आपला दुभाषा जुना झाला. ऐन मुलाखतीत अडखळला म्हणजे? तू बिनधास्त राह्य. मी हाय ना."

हे शेवटचं वाक्य ऐकून सरितानं आपला मोबाईल चार्जिंगला लावला.

जुना ड्रायव्हर खरंच काढायचा का, असं कॉम्प्युटरनं विचारलं. (बिचाऱ्यानं विचारलं तरी.) प्रेमानंदनं 'होय'वर बोट दाबलं. ड्रायव्हर गेला. त्याच्यामागोमाग इंटरनेटही गेलं. प्रेमानंद नवा ड्रायव्हर डाउनलोड करायला सरसावून बसला आणि तसाच बसून राहिला. नवा ड्रायव्हर इंटरनेटवर होता, आणि इंटरनेट ड्रायव्हरशिवाय येत नव्हतं.

"काय झालं?" सरितानं विचारलं.

"काही न्हाई. सगळं बराबर चाललंय."

"माझ्या मोबाईलचं नेट वायरनं कॉम्प्युटरला जोडू का?"

"मोबाईलच्या नेटवर मुलाखत?" प्रेमानंद दुखावला. "घरात मी असताना? ऑफिसात कळलं तर तोंड दाखवायला जागा राहणार न्हाई."

त्यानं आपल्या मोबाईलवर एक ड्रायव्हर उतरवला आणि कॉम्प्युटरमध्ये घातला. कॉम्प्युटरनं तो ओळखायलाच नकार दिला. दुसरा घातला, तर हवामानाचा अंदाज आणि पत्त्यांचा खेळ आत आला, ड्रायव्हर तेवढा आला नाही. मग त्याच्या लक्षात आलं की कार्डाचा नंबर पाहिल्याशिवाय काही खरं नाही, आणि नंबर असतो कार्डावर, कार्ड असतं डब्यात. त्यानं कॉम्प्युटर बंद करून डबा उघडला.

प्रेमानंदच्या घराला लागून हळदीचं गोदाम आहे. तिथं हळद पॉलिश करायचा ड्रम फिरू लागला की आसपासच्या घरांत सगळं पिवळं होतं, मीठसुद्धा. कॉम्प्युटरच्या पोटात तर कित्येक हंगाम साचले होते. नंबर दिसेना, म्हणून प्रेमानंदनं छाती भरून फुंकर मारली.

खोकल्याचा आवाज ऐकून भागूबाई, म्हणजे त्याची आई, काठी टेकत दारात आली. लेकाचं पिवळंधमक तोंड तिनं नीट न्याहाळलं.

"काय करून राहिला रे, प्रेमा?"

"दुरुस्ती."

"तुझं लगन आमी बौद्ध पद्धतीनं, साधं केलं. हळद लावली न्हाई म्हणून तुझी मामी रुसली होती. बोलावू का तिला?"

प्रेमानंदनं कार्ड पुसून पुन्हा बसवलं, कॉम्प्युटर सुरू केला, आणि मागची वायर तपासायला टेबलाखाली शिरला. बाराला पाव तास उरला होता. सरिता उठली, इस्त्रीच्या साडीचा पदर सारखा केला, एकही शब्द न बोलता आपला मोबाईल वायरनं कॉम्प्युटरला जोडला आणि मुलाखतीचं पान उघडून बसली. लगेच नेट आलं. टेबलाखाली हे कुणी कळवलं नाही.

"सरिता, कार्डाचा दिवा लागला," खालून आवाज आला. "म्हणजे नेट आलं."

"न्हाई हो. दिवा लागला म्हणजे वायर चांगली हाय, एवढंच."

"मग दिवा काहून लागून राहिला?"

"हे बघा," सरिता शांतपणे म्हणाली. "तुमी औंढ्याच्या मावशींना फोन लावला. घंटी वाजली, मावशींनी उचलला. पण त्यांना कानानं ऐकूच येत न्हाई. घंटी वाजली म्हणून बोलणं झालं का?"

"न्हाई."

"मग त्यांच्याजवळ कोण पायजे?"

"मावसभाऊ. तो त्यांना खुणांनी सांगतो."

"बराबर. तुमचा मावसभाऊ कुठं गेला?"

टेबलाला खालून डोकं आपटल्याचा आवाज आला.

"सकाळी मीच काढला," प्रेमानंद म्हणाला. आणि मग, पुन्हा उमेदीनं, "पण मग दिवा काहून लागून राहिला?"

सरितानं डोळे मिटले, उघडले, आणि तितक्याच गोड आवाजात पहिल्यापासून सुरुवात केली. "समजा, तुमी औंढ्याच्या मावशींना फोन लावला..."

"नमस्कार मॅडम," कॉम्प्युटरमधून एका बाईंचा आवाज आला. "आम्ही जरा लवकरच जोडले गेलो, मघापासून ऐकतोय. तुमचा नमुना पाठ आता वेगळा घ्यायला नको. इतक्या कच्च्या विद्यार्थ्याला इतकं न चिडता शिकवणारं आम्हाला अजून कुणी भेटलं नव्हतं. तुमची निवड झाली असं समजा."

सरिताच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. एवढ्यात तिच्या खांद्यामागून, हातात वायर घेतलेला, हळदीनं माखलेला प्रेमानंद उगवला आणि कॅमेऱ्याकडे बघून समाधानानं हसला. "लागलं का नेट? म्हटलं नव्हतं, मी हाय ना?"

पुण्याच्या बाईंनी चष्मा सावरला. "हाच का तो विद्यार्थी? केव्हापासून शिकवताय याला?"

"लग्न झाल्यापासून, मॅडम," सरिता पदरानं डोळे पुसत म्हणाली. "अजून पहिल्याच धड्यावर आहेत."