हिराआक्कांचं खेचर

हिराआक्का कुठलीही गोष्ट पसंत करायच्या आधी तिची चाल बघतात. शेरडांचा व्यापार करणाऱ्या बाईनं शेरडाची चाल बघावी, हे कुणालाही पटेल. पण आक्कांनी इंदापुरात प्लॅस्टिकची खुर्ची घेताना दुकानदाराला ती फरशीवरून ओढायला लावली होती. धाकट्या मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हा चहा होताच आक्का नवऱ्या मुलाला म्हणाल्या, "त्या हापशापतूर जाऊन या बरं एकदा." तो बिचारा गेला आणि आला. "डावा पाय जरा फेकतोय, पण गुणाचा हाय," असा निकाल लागला आणि लग्न ठरलं. त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे, "चाल दाव आदी. रूप काय, पोळ्याच्या मातीच्या बैलालाबी आसतं."

आक्का लासुर्ण्यात माझ्या शेजारी राहतात. वय साठीला टेकलेलं, आवाज बाजारातला. मी शाळेत शिकवतो, म्हणून मला त्या 'मास्तर' म्हणतात. कागद वाचायला, फोन लावायला आणि सोबत न्यायला मास्तर लागतो, अशी त्यांची समजूत आहे. म्हणून एका रविवारी त्या मला म्हणाल्या, "उद्या रजा टाका. बारामतीला जायचंय, गाडी बघायला."

शेरडं न्यायला आक्का आजवर भाड्याचा टेम्पो करायच्या. आता स्वतःचा छोटा पिकअप घ्यायचा, असं त्यांनी मनावर घेतलं होतं.

पहिल्या शोरूममध्ये एक दणकट डिझेल गाडी होती. आक्कांनी तिच्या पाठीवर थाप मारली, टायर दाबून पाहिलं, बॉनेट उघडायला लावून दात बघावेत तसं आत डोकावून घेतलं. "चालू करा." इंजिन घरघरलं. आक्कांनी डोळे मिटून क्षणभर ऐकलं आणि मान हलवली. "न्हाय." दुसऱ्या दुकानात तेच. तिसरीकडची गाडी मला इतकी आवडली, की मीच तिची वकिली करू लागलो. "आक्का, भार किती उचलते बघा!" आक्का आधीच दाराबाहेर पडल्या होत्या.

"तुम्हाला नक्की हवंय तरी काय?" मी वैतागून विचारलं.

"गावली की सांगती," त्या म्हणाल्या आणि उसाच्या रसाच्या गाड्याकडे वळल्या.

चौथ्या शोरूममध्ये तेजश्री नावाची विक्रेती मुलगी होती. तिनं आम्हाला एका छोट्या, पांढऱ्या पिकअपपाशी नेलं. मागं हौदा, पुढं दोन सीट, त्यांच्या पाठीमागं एक अरुंद बाकडं. "आजी, ही हायब्रीड आहे."

आक्का दोन पावलं मागं सरकल्या. "हायब्रीड? आमी ल्हान आसताना ती हायब्रीड ज्वारी आलती. भाकरी चावून चावून जबडा दुखायचा. नगं बाई."

तेजश्री हसली नाही, हे तिचं मोठेपण. तिनं सांगितलं, की या गाडीला पेट्रोलचं इंजिन आहे आणि बॅटरीही आहे. सावकाश असताना ती बॅटरीवर चालते, ओझं आणि वेग वाढला की इंजिन मदतीला येतं.

आक्का विचारात पडल्या. मग त्यांचा चेहरा उजळला. "म्हंजी खेचर! घोड्याची ताकद आन गाढवाचा सोशिकपणा. पिल्लं देत न्हाय, येवढंच ना?"

"नाही देत, आजी."

"चालंल. कर चालू."

तेजश्रीनं बटण दाबलं. काहीच झालं नाही. मला वाटलं, बिघडली. आक्कांनी गाभण शेळीच्या पोटावर ठेवावा तसा बॉनेटवर तळहात ठेवला. गाडी कसलाही आवाज न करता पुढं सरकली, चार हात गेली, थांबली. आक्का तिच्याकडे बघतच राहिल्या. मग तेजश्रीचा हात धरून त्यांनी तो आपल्या पदराखाली घेतला.

मुलगी घाबरली. शेरडांच्या बाजारात सौदा असा पदराआड, बोटं दाबून होतो, हे तिला कुठून ठाऊक असणार? आक्कांनी तिला तिथल्या तिथं शिकवलं. सौदा बराच वेळ चालला आणि शेवटी दोघी हसत सुटल्या.

दाखवायला ठेवलेलीच गाडी लगेच न्या, थोडी सूट देतो, असं शोरूमचे मालक म्हणाले. आक्का बधल्या नाहीत. "धा जणांनी हाताळल्याली नगं. माझ्या नावानं नवी मागवा."

गाडी यायला दोन-तीन महिने लागणार होते. तेवढ्यात आक्कांनी इंदापुरात ड्रायव्हिंगचा क्लास लावला. ब्रेक दाबताना त्या तोंडानं "हो हो हो" म्हणायच्या. शिकवणाऱ्यानं पुष्कळ समजावलं, शेवटी तोही म्हणायला लागला. आणि बारामतीला बाजार झाला की त्या गावठी अंडी घेऊन तेजश्रीकडे डोकवायच्या. "आलं का गं माझं खेचर?"

अखेर आलं. सकाळी अंगणात गाडी उभी होती, पक्क्या नंबराची पाटी तेवढी लागायची होती. मी म्हटलं, "मग, पहिली खेप इंदापूरच्या बाजाराची?"

"पयली खेप शेरडांची न्हाय, मास्तर," आक्का एकदम हळू बोलल्या. "ह्यांची."

'हे' म्हणजे सोपानराव. जन्मभर कारखान्याला ऊस वाहणारा ट्रॅक्टर चालवलेला माणूस. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूनं उजवी बाजू आणि वाचा गेली. आणि तेव्हापासून इंजिनाचा आवाज सोसेनासा झाला. रस्त्यानं ट्रॅक्टर गेला तरी खाटेची कड घट्ट धरायचे. बारामतीला व्यायामासाठी नेलं, तर हात-पाय सुधारतील, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण रिक्षाचं इंजिन सुरू झालं, की ते घामाघूम व्हायचे आणि डाव्या हातानं दार धरून खाली उतरू बघायचे. शेवटी सगळ्यांनी नाद सोडला होता. आक्का सोडून.

आम्ही दोघांनी धरून त्यांना पुढं बसवलं. मी मागच्या बाकड्यावर अंग चोरून बसलो. आक्कांनी बटण दाबलं. सोपानराव अंग आवळून वाट बघत होते. आवाज आलाच नाही. गाडी अंगणाबाहेर पडली तेव्हा त्यांनी आश्चर्यानं आधी पुढं आणि मग आक्कांकडे पाहिलं.

इंजिन जागं होऊ नये म्हणून आक्का सावकाशच चालवत होत्या. बेलवाडीच्या अलीकडे गतिरोधक आला. सोपानरावांचा डावा पाय उचलला गेला आणि खाली दाबला गेला. क्लच.

त्या गाडीला क्लचच नाही. गिअरही आपोआप पडतात. पण आक्कांनी पाय पाहिला, वेग कमी केला, दांडीवर नुसता हात ठेवला आणि म्हणाल्या, "बदलला बरं का गिअर."

सोपानरावांनी मान डोलावली.

सणसरजवळ मागच्या ट्रकवाल्यानं जोरात हॉर्न वाजवला. सोपानराव दचकले. आक्कांनी गाडी कडेला घेतली, ट्रक जाऊ दिला. सोपानरावांच्या गुडघ्यावर हात ठेवून त्या त्यांचा श्वास शांत व्हायची वाट बघत राहिल्या. घरी परतावं लागणार, असं मला वाटलं.

"अवो," आक्का शेवटी म्हणाल्या, "जायाचं का माघारी?"

सोपानराव समोरच्या रस्त्याकडे बघत होते. मग त्यांचा डावा पाय सावकाश उचलला आणि खाली दाबला गेला.

"पयला टाकला," आक्का म्हणाल्या, आणि गाडी बारामतीकडे निघाली.