वैजीनाथरावांनी विश्वासू मिस्त्री निवडला

माणूस कुणावर विश्वास ठेवतो यावरून त्याची पारख होते आणि गाडी कुणाकडं टाकतो यावरून अक्कल. या दोन्ही बाबतींत वालूरच्या वैजीनाथरावांचा हात कुणी धरू शकत नाही.

वैजीनाथरावांचं खत-बियाण्यांचं दुकान. त्यांची जुनी गाडी खड्ड्यातून गेली की मागून खडखड वाजायची. गुरुवारी त्यांच्या आईला, पंचफुलाबाईंना, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला परभणीच्या शिबिरात न्यायचं होतं. म्हातारीला आता नातवंडंसुद्धा आवाजावरून ओळखावी लागत. नंबर लागता लागत नव्हता, तो एकदाचा लागला. तेव्हा गाडी ठणठणीत हवी, याबद्दल घरात दुमत नव्हतं.

वैजीनाथरावांनी रीतसर दर मागवायला सुरुवात केली. (गिऱ्हाईक खताचा भाव दुसऱ्या दुकानात विचारून आलं की त्यांचं डोकं फिरतं. पण ते खत झालं, ही गाडी आहे.)

सेलूच्या माणिकराव मिस्त्रीनं विचारलं, "आधी कुणाला दाखिवली?"

"कुणालाच न्हाई."

"तरीच!"

शेजारच्या गॅरेजवाल्यानंही तेच विचारलं.

"माणिकरावाला."

"तरीच!"

एकाच्या मते शॉकअप गेले होते, दुसऱ्याच्या मते गिअरबॉक्स. दरात जमीन-अस्मानाचा फरक. वैजीनाथरावांनी शांतपणे विचार केला. महागवाला लुटारू असणार, स्वस्तवाला नकली माल टाकणार. सरासरी काढली तेव्हा नकली माल टाकणारा लुटारू निघाला, म्हणून प्रक्रिया पुढं चालू राहिली.

पाथरी रस्त्यावरच्या बजरंग मिस्त्रीनं डिकी उघडली, सैल झालेला जॅक जुन्या फडक्यात गुंडाळून कोपऱ्यात दाबून बसवला आणि डिकी आपटली. "जॅक वाजायलाय वो! जा आता, डोस्कं खाऊ नका."

"पैसे?"

"कशाचे?"

घरी येईपर्यंत गाडी मुकाट आली. ही बाब वैजीनाथरावांना फारच गंभीर वाटली. आजार दाबला गेला होता. शिवाय या बजरंगच्या भिंतीवर देवाचा फोटो नाही, बोलणं उर्मट, आणि गाव विचारलं तर "तुमाला काय करायचंय?" म्हणतो.

"अवो, आवाज बंद झालाय न्हवं? मंग?" त्यांची बायको दैवशाला म्हणाली.

"तुला कळत न्हाई. पैसे न घेणाऱ्याला काम येत असतं का?"

आता एकच कसोटी उरली होती, आणि आपल्या भागात ती कधी चुकत नाही. गाव कुठलं, आडनाव काय, मामाचं गाव कोणतं? जिंतूरचा हरिओम मिस्त्री तिसऱ्या प्रश्नाला पास झाला. दैवशालाच्या चुलत मामाचा मुलगा निघाला! त्यानं पोहे मागवले, टॉवेल-टोपी केली, "दाजी, गाडी तुमची न्हाई, माझी हाय" म्हणाला आणि तसाच वागला. पाव्हण्याचं काम वरवरचं कसं करायचं, म्हणून त्यानं इंजिनच खाली उतरवलं.

पाव्हण्याला भाव विचारायचा नसतो. त्यामुळं सगळ्या दरांत हरिओमचा दर सर्वांत कमी ठरला, कारण तो विचारलाच नव्हता. गाडी कधी मिळणार हेही त्याच कारणानं विचारता आलं नाही.

गुरुवारी पहाटे पंचफुलाबाई नवं लुगडं नेसून ओसरीवर बसल्या. वैजीनाथरावांनी फोन लावला.

"आलोच बगा दाजी! फकस्त इंजन बसवायचं ऱ्हायलंय."

"बसनं जाऊ की," दैवशाला म्हणाली.

"अन् तो गाडी घेऊन आला मंजी? पाव्हण्याला काय वाटंल?"

सकाळची एसटी दारावरून गेली. ऊन ओसरीवर चढलं. म्हातारीनं आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. "वैजीनाथा, माझा नंबर गेला का रं?"

दैवशालाला रडू आवरेना. वैजीनाथरावांनाही लय वाईट वाटलं. पुढचं शिबिर कधी, ते कुणालाच माहीत नव्हतं. पण अंगणात जरा येरझाऱ्या घातल्यावर त्यांना धीर आला. "आपला माणूस हाय म्हणून गाडी सुरक्षित तरी हाय," ते म्हणाले. "परका असता तर?"

वाचकहो, आपण हसत असाल. जरूर हसा. फक्त मागं एका डॉक्टरनं "काही झालेलं नाही, औषधाची गरज नाही" म्हणून आपल्याला रिकाम्या हातानं परत पाठवलं होतं, तेव्हा दवाखान्याचा जिना उतरताना आपण त्याच्याविषयी काय बोललात आणि तिथून कुठल्या ओळखीच्या डॉक्टरकडं गेलात, तेवढं आधी आठवून घ्या.