लाल चमचा, हिरवा उजेड

अंधारात चमकणाऱ्या रंगांबद्दल या टॅमरॅक तळ्यावर माझ्याएवढं कुणालाच कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. गोठलेल्या तळ्याला भोक पाडून मासे धरणारे इथे शेकड्यांनी आहेत. पण हिरवा रंग निळ्यापेक्षा जास्त वेळ चमकतो, चमकत्या रंगाखाली आधी पांढरा हात द्यावा लागतो, आणि लाल रंग खोल पाण्यात चक्क काळा दिसतो, हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक होतं? मी नाताळपासून तीन आठवडे याच विषयावर वाचत होतो! माझी बायको मार्नी म्हणायची, "वेंडेल, एवढा अभ्यास शाळेत केला असतास तर आज लाकडाच्या वखारीत कारकुनी करत बसला नसतास."

अभ्यासाला कारण तसंच होतं. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण सासऱ्यांनी मला एकोणीस जानेवारीला बर्फावर कधी नेलं नव्हतं. एरवी त्यांच्या बर्फावरच्या खोपटात मी जायचो. गिरमिटाने भोकं पाडायची, शेगडीत लाकडं सारायची, भोकावर धरलेली साय काढत बसायचं, ही जावयाची कामं मी निमूट करायचो. पण एकोणीस जानेवारीला यालमरबाबा एकटेच जायचे. एकच वॉलाय मासा धरायचे, घरी आणून लोण्यात तळायचे, आणि गेली चार वर्षं तर एकटेच खायचे. का, ते मला कुणी सांगितलं नाही. आमच्याकडे कुणी कुणाला काही सांगतच नाही! नॉर्वेहून निघताना पणजोबा मंडळींनी पेट्या भरल्या, पण बोलणं तिकडेच विसरले असावेत. एखाद्याने जीव ओतून काही केलं तर "वाईट नाही" म्हणतात. ही सगळ्यांत मोठी शाबासकी. आणि "वेगळं आहे" म्हणाले की समजायचं, आपला निकाल लागला!

तर या वर्षी बाबांचा गुडघा धरला. नाताळच्या जेवणात त्यांनी ताटातून वर न बघता म्हटलं, "जावईबापू, एकोणीसला तूही ये. डुएन आहेच."

डुएन म्हणजे माझा मेहुणा. मी डुएनकडे बघितलं, डुएनने मिठाकडे बघितलं. माझा आनंद गगनात मावेना! अकरा वर्षांनी बोलावणं आलं होतं. आता त्या दिवशी बाबांना असा मासा मिळवून द्यायचा की त्यांनी माझं नाव काढलं पाहिजे!

आता आमच्याकडची एक रीत तुम्हाला सांगायलाच हवी. कुणाच्या घरी कॉफी विचारली की पहिल्यांदा म्हणायचं, "नको." दुसऱ्यांदा म्हणायचं, "नको नको, उगाच कशाला!" तिसऱ्यांदा विचारलं की कप पुढे करायचा. पहिल्या फटक्यात हो म्हणतो तो हावरट, आणि दोनदाच विचारून किटली उचलतो तो चिक्कू. पहिले दोन नकार हे नकार नसतातच. तिसरं काय ते खरं.

एकोणीसच्या आदल्या रविवारी आम्ही बाबांकडे जेवायला होतो. मी विषय काढला.

"बाबा, तुमचा आमिषांचा डबा घरी नेतो. सगळी चमकवून आणतो!"

"नको," बाबा म्हणाले.

मी मनात म्हटलं, एक.

"अहो, संध्याकाळी मासा अंधारातूनच येतो ना! त्याला दिसलं तर पाहिजे!"

"नको नको. उगाच कशाला."

दोन! अगदी रीतीप्रमाणे!

"बाबा, मला काही त्रास नाही. नेऊ ना?"

बाबांनी मान हलवली. चांगली खालीवर, दोनदा. आता त्याच क्षणी मार्नी हातात भांडं घेऊन त्यांच्या मागे उभी होती आणि बटाटे वाढू का म्हणून विचारत होती, हे मी नीट लक्षात घ्यायला हवं होतं. पण माझं लक्ष डब्याकडे!

गॅरेजमध्ये डबा उघडला. चौदा आमिषं होती. तेरा दुकानातली. चौदावं मात्र अजब होतं. जेवणाचा चमचा, दांडी कापलेला, टोकाला भोक पाडून गळ अडकवलेला. आणि त्याच्या पाठीवर लाल रंगाचे हे जाड थर! कडेने टवके उडालेले. मी म्हटलं, बिचारे बाबा, असल्या भंगारावर मासे धरतात! पॉलिशपेपरने घासला, रंग हलेना. रॉकेल लावलं, हलेना. शेवटी मार्नीच्या कपाटातलं नखांचा रंग काढायचं औषध आणलं, आणि काय सांगू, एका थराखालून दुसरा, दुसऱ्याखालून तिसरा, कांदा सोलावा तसा सगळा लाल निघून आला! चार बोळे लागले. चमचा आरशासारखा लख्ख झाला. मग चौदाही आमिषांना आधी पांढरा आणि वर चमकता हिरवा हात दिला.

नखांचं औषध लावल्यावर रंग निघाला, तरी माझी ट्यूब पेटली नाही. आज ते आठवलं की स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावंसं वाटतं.

एकोणीस तारीख उजाडली. थंडी उणे वीसच्या खाली. बर्फावरून गाडी थेट खोपटापर्यंत नेली, तीन भोकं पाडली, शेगडी पेटवली. चार वाजता मी वखारीतला मोठा दिवा काढला. हे रंग आधी उजेड पितात, मग अंधारात ओकतात! मी सगळी आमिषं बाकावर मांडली आणि त्यांना पोटभर उजेड पाजला. बाबांचा चमचा तेवढा गुपचूप उजेड पाजून पुन्हा डब्यात ठेवला, शेवटी दाखवून चकित करू म्हणून. कहर म्हणजे रंग पूर्ण वाळलाच नव्हता. गॅरेजमधल्या थंडीत तो नुसता गारठून बसला होता. शेगडीची ऊब लागली आणि तो पुन्हा मऊ झाला.

हे आम्हाला कधी कळलं? सूर्य मावळल्यावर मी दिवा मालवला तेव्हा! माझे हातमोजे हिरवे चमकत होते. थर्मास चमकत होता. मी कॉफी ओतून दिली होती, त्यामुळे तिन्ही कप चमकत होते. डुएनला दाढी कुरवाळायची सवय आहे, त्याची अर्धी दाढी चमकत होती. बाबांनी नाक पुसलं होतं, त्यामुळे बाबांचं नाकही!

"डुएन, हसू नकोस," मी म्हटलं.

"मी कुठे हसतोय?" त्याची हिरवी दाढी गदागदा हलत होती.

दारावर टकटक झाली. शेजारच्या खोपटातला माणूस टोपी हातात घेऊन उभा.

"यालमर, सगळं ठीक ना? तुझी खिडकी हिरवी दिसतेय."

"ठीक," बाबा म्हणाले.

त्याने बाबांच्या नाकाकडे बघितलं, डुएनच्या दाढीकडे बघितलं. "वेगळं आहे," म्हणाला आणि दार लावून गेला. दहा मिनिटांत अख्ख्या तळ्यावरची माणसं एकेक करून, आमच्याकडे आगपेटी आहे का, विचारायला आली! एवढ्या माणसांच्या आगपेट्या एकाच संध्याकाळी कशा संपल्या, देव जाणे.

तेवढ्यात माझी दोरी ताणली गेली. "आला! बाबा, आला!" मी ओढला. वॉलाय नव्हता. पाउट होता! पाउट म्हणजे सुटलेल्या पोटाचा, हनुवटीला एकच मिशी असलेला बुळबुळीत मासा. वर आल्याबरोबर त्याने शेपटी माझ्या मनगटाला गुंडाळली आणि सोडेचना. "डुएन, काढ याला! अरे, काढ!" झटापटीत माझ्या मोज्याचा रंग त्याला लागला, आणि आता तोही चमकायला लागला! पाठोपाठ आणखी दोन पाउट. वॉलाय एकही नाही. चमकत्या रंगावर पाउट तुटून पडतो, हे माझ्या त्या वाचनात शेवटच्या पानावर होतं. शेवटचं पान मी सोडलं होतं.

"असू दे," बाबा म्हणाले. "आता माझा चमचा."

त्यांनी डबा मांडीवर घेतला. बोटांनी चाचपत खालच्या कोपऱ्यात गेले, जसं आपण अंधारात घरच्या बटणाकडे जातो तसं. चमचा वर काढला. हिरवागार!

"हा कुठला?"

"तुमचाच, बाबा! ओळखू येत नाही ना? खालपर्यंत घासून काढला!"

"लाल होता."

"अहो, लाल पाण्यात काळा दिसतो!" आणि मी सुरू झालो. पाणी कुठला रंग कधी खातं, मासा काय बघतो, काय नाही. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. चमचा तळहातावर उलटा केला. अंगठा त्याच्या पाठीवरून फिरवला, एकदा, पुन्हा एकदा.

"वेगळं आहे," म्हणाले.

डुएनने माझी कॉलर धरली आणि मला बाहेर बर्फावर काढलं.

"अरे गाढवा, आज आईचा वाढदिवस आहे! तिच्या वाढदिवसाचा मासा बाबा त्याच चमच्यावर धरतात!"

गुद्रुन, माझ्या सासूबाई. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. वाढदिवसाला केक त्या कापू द्यायच्या नाहीत, म्हणून तारीख माझ्या डोक्यात कधी बसलीच नव्हती.

"ते लाल काय होतं माहीत आहे? आईच्या नखांचा रंग. लग्नात आलेल्या चमच्यांतला एक बाबांनी कापला म्हणून ती भडकली होती. मग स्वतःची नखं रंगवता रंगवता त्यालाही फासून दिला. त्यानंतर दर ऑक्टोबरला एक हात. अडतीस वर्षं!"

अडतीस थर. मी चार बोळ्यांत काढले आणि कचऱ्यात टाकले.

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस का?"

"तीनदा विचारलं! बाबांनी मान हलवली!"

"बटाट्यांना हलवली! मी समोरच बसलो होतो."

"मग तेव्हा का नाही बोललास?"

डुएनने बूट बर्फावर घासला. "मला वाटलं, मधे कशाला बोला."

मी तरी कुठे शहाणा! सात वर्षं मी त्या बाईच्या हातची कॉफी प्यायलो. तिसऱ्यांदा विचारून माझ्या कपात ओतणारे ते हात, ती लाल नखं, रोज डोळ्यांसमोर होती. तोच लाल माझ्या हातात आला आणि मला ओळखू आला नाही. मला इतकी लाज वाटली की ती थंडी बरी वाटली.

आत गेलो तेव्हा बाबांनी तो हिरवा चमचा पाण्यात सोडला होता. हिरवा ठिपका खाली खाली गेला. आम्ही दोन तास बसलो. एकही मासा फिरकला नाही, पाउटसुद्धा नाही. चार वर्षांत पहिल्यांदा बाबा त्या दिवशी रिकाम्या हाताने घरी गेले. तवा भिंतीवरच टांगलेला राहिला. पावाबरोबर मुरवलेला हेरिंग मासा खाल्ला आणि झोपले, असं मार्नीने मला सांगितलं. तेवढं पुरेसं होतं.

मी तो लाल शोधायला निघालो. दुकानात म्हणाले, ही छटा येणं बंद होऊन किती वर्षं झाली! शेवटी मार्नीच्या मर्टलमावशीकडे अर्धी बाटली निघाली. ती घेऊन बाबांकडे गेलो.

"बाबा, चमचा पुन्हा लाल करून देऊ?"

"राहू दे."

पंधरा दिवसांनी पुन्हा विचारलं. "राहू दे रे. उगाच कशाला."

झाले दोन. आता तिसऱ्यांदा विचारायचं, आणि तेच मला जमेना. तिसऱ्यांदाही नाही म्हणाले, तर तो नकार खराच. मग पुढे काय? फेब्रुवारी गेला, मार्च गेला, खोपटं ओढून काठावर आणलं, बर्फ वितळला. बाटली आपली माझ्या कोटाच्या खिशात. चमचा बाबांच्या स्वयंपाकघरात खिळ्याला, हिरवा.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी मी मनाचा हिय्या केला. कॉफी झाली. मी उठलो, खिशात हात घातला. "बाबा, तो चमचा..." आणि हात बाहेर काढला.

मार्नी किंचाळली, "रक्त!"

बाटलीचं झाकण निघालं होतं! सगळा लाल खिशात, आणि आता सगळा माझ्या बोटांवर. बाटली तळापर्यंत रिकामी. जगातली शेवटची अर्धी बाटली मी कोटाच्या अस्तराला पाजली होती!

बाबा गुडघा सांभाळत उठले. माझा हात हातात घेतला. उजेडात धरला. पाचही नखं लाल झाली होती. त्यांनी अंगठा त्या नखांवरून फिरवला, एकदा, पुन्हा एकदा.

"वाईट नाही," म्हणाले.

आणि स्वतःच्या हाताने माझ्या कपात कॉफी ओतली. न विचारता!

घरी आल्यावर मार्नीने ते नखांचं औषध पुढे केलं. मी म्हटलं, नको. तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा नको म्हटलं. तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हाही नकोच म्हटलं. सोमवारी तसाच वखारीत गेलो. तिथले सगळे गडी करवती थांबवून माझ्या लाल नखांकडे बघत राहिले.

"वेगळं आहे," म्हणाले.