हॅटीचा कैवार

वेंडेल प्रॅथरला नीटनेटकेपणाचं व्यसन होतं, आणि व्यसन म्हटलं की कधी ना कधी ते अंगाशी येणारच. त्याच्या टायरच्या दुकानात पानेसुद्धा उंचीप्रमाणे टांगलेले असत. हा माणूस स्वर्गात गेला तर आधी ढग सरळ रेषेत लावील, असं त्याची बायको कोरीन म्हणायची. नऊ वर्षांच्या लेकीपुढे मात्र त्याचं काही चालत नव्हतं. हॅटी तिसरीत गेली तरी तिला वाचता येईना. अक्षरं जागेवर थांबतच नाहीत म्हणायची. शाळा म्हणे थांबा, येईल. थांबून दोन वर्षं झाली, आणि एका रविवारी जेवताना पोरगी अगदी शांतपणे म्हणाली, "बाबा, मी ढ आहे ना, मग उगाच शाळेत कशाला पाठवता?"

आमच्या ओहायोत अशा वेळी लोक कैवारी गाठतात. वकील नव्हे हो. शाळेच्या बैठकीत पोराच्या बाजूने बसणारं, नियम कोळून प्यालेलं माणूस. आमच्या भागात असं माणूस एकच, ओपल स्ट्राउड. साठीची, ठेंगणी बाई, पण नुसतं नाव काढलं तरी शाळेतल्या साहेबलोकांना घाम फुटतो. वेंडेलने तिला ठरवलं. तिने पहिलंच काम सांगितलं की हॅटीचे सगळे अहवाल फोनवर मोठ्याने वाचून दाखवायचे, आणि पान उलटताना पानाचा आकडा सांगायचा. एकशे बारा पानं झाली, तेही दोनदा. वेंडेलचा घसा बसला, पण आदर वाढला. "मोठी माणसं स्वतः वाचत नाहीत," तो कोरीनला कौतुकाने म्हणाला, "वाचून घेतात."

बैठकीच्या सकाळी तो ओपलबाईंना न्यायला गेला. त्या कोट घालत होत्या आणि दारात सात फायली रचलेल्या होत्या. एकीवरही नाव नाही! नुसते रंगीत गोल ठिपके, तेही वाकडे चिकटवलेले. वेंडेलच्या जिवाला ते सोसवेना. नातवंडांचा उद्योग असणार, असं समजून त्याने सगळे ठिपके खरवडून काढले, आतले कागद चाळले आणि खिशातल्या पेनाने प्रत्येक फाइलवर ठसठशीत अक्षरांत नाव घातलं.

ओपलबाई बाहेर आल्या आणि फायलींकडे बघतच राहिल्या. बाई खूश झाल्या असं वेंडेलला वाटलं. मग त्यांनी एक फाइल उचलली, काखेत मारली आणि गाडीत बसल्या. ती नेमकी कुठली, ते वेंडेलला शाळेत पोचल्यावर दिसलं. शाळेच्या ग्रंथालयातल्या लांब टेबलावर ओपलबाईंनी फाइल धाडकन आपटली, तर तिच्यावर त्याच्याच टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं, 'चर्चची जेवणावळ'. त्याच्या पायाखालची जमीनच सरकली. समोर विशेष शिक्षण विभागाचे प्रमुख किंब्रोसाहेब, मुख्याध्यापिका, मानसशास्त्रज्ञ आणि आणखी दोघं. आणि आपल्या बाजूला बटाट्याच्या सॅलडचा हिशेब.

वेंडेलने कोपराने ढोसलं. ओपलबाईंनी त्याला बिस्किट दिलं. त्याने बोटाने फाइल दाखवली. त्यांनी तिच्यावर हात ठेवला आणि किंब्रोसाहेबांकडे वळल्या. साहेब सांगत होते की अशा मुलांकडून फार अपेक्षा ठेवू नये, आठवड्यातून वीस मिनिटं गटात बसवू, तेवढं पुरे.

"तुमच्याच अहवालाचं पान बेचाळीस," ओपलबाई म्हणाल्या. "शेवटचं वाक्य. जरा मोठ्याने वाचता?"

साहेबांनी आपली प्रत काढली आणि वाचू लागले. मुलीची बुद्धी उत्तम, पण तिला प्रशिक्षित शिक्षकाकडून रोज, एकटीला शिकवणं अत्यावश्यक. शेवटच्या शब्दाला साहेबांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा झाला. मग बाईंनी पान सत्तर वाचायला लावलं, मग अठ्ठ्याऐंशी. एका ओळीचा फरक नाही, आणि फाइल बंद ती बंदच! वेंडेल बिस्किट हातात धरून आ वासून बघत होता. माणसाला एवढं पाठ असू शकतं, हेच त्याला ठाऊक नव्हतं. शंभराव्या पानाचं नाव निघताच किंब्रोसाहेबांनी चष्मा काढला. "रोज पंचेचाळीस मिनिटं. स्वतंत्र शिक्षिका. सोमवारपासून. आता वाचन पुरे."

वेंडेलला रडू आवरेना. बाकीचे सह्या करून कॉफीकडे गेले आणि कागद फिरत फिरत ओपलबाईंपुढे आला. त्या कागदाकडे बघतच राहिल्या, सकाळी फायलींकडे बघितलं होतं तशाच. मग हळूच वेंडेलकडे झुकल्या.

"माझी ओळ कुठली रे?"

वेंडेलच्या डोक्यात क्षणात लख्ख उजेड पडला. फोनवरची एकशे बारा पानं, ते ठिपके, ती फाइल. त्याने ओळीखाली बोट ठेवलं. ओपलबाईंनी सावकाश, एकेक अक्षर कोरल्यासारखी सही केली.

"तुम्हालासुद्धा...?"

"हॅटीसारखंच. पण हा अडथळा अक्षरांचा आहे, बुद्धीचा नाही, हे कुणी सांगितलंच नाही. चाळिशीपर्यंत मीही स्वतःला बिनडोक समजत होते." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "फायलींचं मनावर घेऊ नकोस. अक्षर सुरेख असणार तुझं."

त्या कोट चढवू लागल्या. वेंडेल दारापर्यंत गेला आणि तसाच परत फिरला.

"बाई, पाच मिनिटं बसता? हॅटी दोन वर्गांपलीकडेच आहे. तिला तुम्ही दिसायला हव्यात."

ओपलबाईंनी कोट काढला आणि आपल्या शेजारची खुर्ची ओढून ठेवली.